दम्याचा जोराचा झटका आणि रक्तातलं आम्ल : पफ मोजा, चिठ्ठी लिहा, 'शांत झाला' म्हणून फसू नका

सोयाबीनची मळणी उरकते न उरकते तोच थंडी पडते. भुसकट, पहाटेचं धुकं, चुलीचा आणि जाळलेल्या पाचटाचा धूर हे सगळं एकाच वेळी गावात असतं. याच दिवसांत दम्याच्या रुग्णांना जास्त जपावं लागतं. दम्याच्या साध्या झटक्याची माहिती बहुतेक घरांत असते. पण झटका जोराचा असेल आणि तासन्‌तास उतरत नसेल, तर आजार फक्त छातीपुरता राहत नाही. रक्तातलं आम्लाचं प्रमाणही बिघडतं.

मोठ्या दवाखान्यात गेल्यावर 'एबीजी करावी लागेल', 'लॅक्टेट वाढलंय', 'अ‍ॅसिडोसिस झालाय' असे शब्द कानावर पडतात. नातेवाइकांना ते कळत नाहीत आणि त्या घाईत समजावून सांगायला कोणाला वेळही नसतो. या शब्दांचा अर्थ काय आणि घरच्या माणसांनी त्यातून काय लक्षात ठेवायचं, ते जाणून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचं

- धाप लागलेला रुग्ण औषधाने आराम न पडता एकदम शांत, सुस्त झाला तर तो बरा होत नसून थकत चालला आहे, असं समजा.
- ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसला तरी रक्तातलं आम्ल वाढलेलं असू शकतं.
- पंप आणि वाफेचं औषध जीव वाचवतं. मात्र थोड्या वेळात ते फार जास्त गेलं तर त्यानेही रक्तात आम्ल वाढतं आणि धाप वाढल्यासारखी दिसते.
- म्हणून किती पफ, किती वाफा, कोणतं इंजेक्शन आणि किती वाजता, हे कागदावर लिहून पुढच्या डॉक्टरांच्या हातात द्या.

मातीला सामू, तसा रक्तालाही सामू

माती परीक्षण केलेल्या शेतकऱ्याला 'सामू' हा शब्द नवा नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर तो लिहिलेला असतो. ७ म्हणजे मधला, त्याच्या खाली गेला की माती आम्लधर्मी, वर गेला की विम्लधर्मी. डॉक्टर यालाच पीएच म्हणतात.

मातीचा सामू साडेसहा असो की आठ, काही ना काही पीक येतंच. रक्ताचं तसं नाही. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहावा लागतो. ७.३५ च्या खाली आला की त्याला अ‍ॅसिडोसिस म्हणतात, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलं. ७.४५ च्या वर गेला की अल्कलोसिस.

आकड्यातला फरक लहान दिसतो, पण तो फसवा आहे. सामू ७.४ वरून ७.१ वर आला म्हणजे रक्तातलं आम्ल जवळपास दुप्पट झालं. एवढ्या फरकाने हृदयाचं काम बिघडू शकतं, रक्तदाब उतरू शकतो, माणूस गुंगीत जाऊ शकतो.

हा तोल सांभाळायला शरीराकडे दोन वाटा आहेत. पहिली फुप्फुसं. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड वायू रक्तात विरघळला की आम्ल बनतं. श्वास सोडताना तो वायू बाहेर जातो आणि आम्ल कमी होतं. हे काम मिनिटांत होतं. दुसरी वाट मूत्रपिंडांची. ती लघवीवाटे आम्ल काढतात आणि 'बायकार्बोनेट' नावाचा नैसर्गिक सोडा रक्तात राखून ठेवतात. पण त्यांना पूर्ण जोर धरायला दोन-तीन दिवस लागतात. दम्याचा झटका काही तासांचा खेळ असतो. तेवढ्यात मूत्रपिंडं फारशी मदतीला येऊ शकत नाहीत. सगळा भार फुप्फुसांवर पडतो आणि दम्यात नेमकी तीच अडलेली असतात.

झटक्याचे तीन टप्पे

दम्यात श्वासनलिका आवळतात, आतून सुजतात आणि चिकट कफाने भरतात. हवा आत कशीबशी जाते, पण बाहेर निघायला जास्त त्रास होतो. छाती फुगलेली राहते.

*पहिला टप्पा.* रुग्ण भराभर श्वास घेतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्तातलं त्याचं प्रमाण ३५ ते ४५ हवं, ते ३५ च्या खाली येतं. सामू थोडा वर जातो. रुग्णाला त्रास खूप होत असतो, पण शरीर अजून झुंजत असतं.

*दुसरा टप्पा.* श्वासाचे स्नायू थकायला लागतात. नलिका आणखी अरुंद होतात. कार्बन डायऑक्साइड आता पुरेसा बाहेर पडत नाही आणि त्याचा आकडा वाढत वाढत ४० च्या आसपास येतो. रिपोर्टवर हा आकडा नॉर्मल दिसतो. खरी फसगत इथेच होते. एवढी धाप लागलेल्या माणसाचा आकडा कमी असायला हवा होता. तो नॉर्मल आला याचा अर्थ रुग्ण खाली घसरतोय. घाटात गाडीचा वेग ६० वरून २० वर येताना मध्ये ४० लागतोच, तसं हे आहे. म्हणून जोराच्या झटक्यात 'नॉर्मल' कार्बन डायऑक्साइड हे जिवाला धोका असल्याचं लक्षण डॉक्टर मानतात.

*तिसरा टप्पा.* आकडा ४५ च्या पुढे जातो, सामू खाली येतो. रुग्ण सुस्तावतो, बरळतो, ओठ निळसर पडतात. छातीतली घरघर कमी होते, कारण आवाज यायला जेवढी हवा हलावी लागते तेवढीही हलत नाही. घरचे म्हणतात, 'आता जरा निवांत झोप लागली.' प्रत्यक्षात ही सगळ्यात वाईट घडी असते. या वेळी एक मिनिटही वाया घालवता येत नाही.

लॅक्टिक आम्ल : दह्यातलंच, पण रक्तातलं

वर सांगितलेलं आम्ल वायूमुळे वाढतं. जोराच्या दम्यात दुसरंही एक आम्ल वाढतं, ते म्हणजे लॅक्टिक आम्ल. हे नाव आपल्या घरातलंच आहे. दह्याला, ताकाला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं आणि दुधासाठीच्या लॅटिन शब्दावरूनच त्याचं नाव पडलं.

जनावरं पाळणाऱ्यांनी याचा त्रास पाहिलेला असतो. गाय किंवा बैलाने दावं सोडून ज्वारी, मका, गव्हाचा भरडा भरपूर खाल्ला की पोट आंबतं, जनावर सुस्त पडतं, रवंथ बंद होतं. तिथे पोटातले जंतू धान्यापासून लॅक्टिक आम्ल करतात. दम्याच्या रुग्णात मात्र जंतूंचा किंवा खाण्याचा संबंध नसतो. हे आम्ल शरीराच्या स्नायूंमध्ये आणि पेशींमध्येच तयार होतं. दही-ताक खाल्ल्याने ते वाढत नाही.

पेशी साखर जाळून ताकद मिळवतात. हे काम साखर कारखान्यासारखं चालतं, असं समजा. कारखान्याची गाळपाची ताकद ठरलेली असते. ऊस त्या मानाने आला तर गाळप सुरळीत. पण यंत्र मंदावलं, किंवा एकदम जास्त गाड्या आल्या, तर ऊस यार्डात पडून राहतो आणि आंबतो. शरीरातही दोन कारणांनी असंच होतं.

एक, यंत्र मंदावतं. ऑक्सिजन कमी पडला की साखर पूर्ण जळत नाही आणि लॅक्टिक आम्ल साठतं. दम्यात श्वासाचे स्नायू जिवाच्या आकांताने काम करत असतात. बरगड्यांमधले, मानेचे, पोटाचे स्नायू तासन्‌तास राबतात. त्यांच्यातूनही हे आम्ल रक्तात उतरतं.

दोन, गाड्या जास्त येतात. हे दुसरं कारण औषधाशी जोडलेलं आहे आणि ते सगळ्यांना माहीत नसतं.

औषधानेही वाढतं, ते कसं?

झटक्यात दिलं जाणारं मुख्य औषध म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल. अस्थालिन, लिव्होलिन, ड्युओलिन अशा नावांनी ते गावात ओळखलं जातं. साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये बाजारात आलं आणि तेव्हापासून त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. ते आवळलेल्या श्वासनलिका सैल करतं.

पण ते फक्त नलिकांवरच थांबत नाही. शरीरात साठवलेली साखर आणि चरबीही ते मोकळी करतं. हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातली साखर वाढते, पोटॅशियम उतरतं. मोकळी झालेली साखर पेशींच्या जाळण्याच्या ताकदीपेक्षा जास्त असते. त्यातच मोकळी झालेली चरबी साखरेच्या पूर्ण ज्वलनाची वाट अडवते. उरलेल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं. ऑक्सिजन पुरेसा असतानाही हे घडू शकतं.

रक्तात लॅक्टेट साधारण २ मिलिमोलपर्यंत असतं. जोराच्या दम्यात, वाफेवर वाफ दिल्यावर, ते ४ च्या वर जाणं डॉक्टरांना नवीन नाही. काही रुग्णांत ते त्याहून बरंच वाढतं. सोबत डेरिफायलिनसारखं थिओफायलिनच्या जातीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर त्याचीही भर पडू शकते.

डोसाचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब पाहा. नेहमीच्या साल्ब्युटामॉल पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. वाफेच्या एका डोसात मोठ्या माणसासाठी साधारण २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. वाफेतलं बरंचसं औषध हवेत आणि मशीनमध्येच राहतं. त्यामुळे एका वाफेत २५ पफांचा गुण येतो असं नाही. स्पेसर लावून ४ ते १० पफ घेतले तरी साधारण तेवढाच फायदा होतो. पण घरी पंप, गावात वाफ, आरोग्य केंद्रात पुन्हा वाफ, असं होत गेलं की एकूण औषध बरंच होतं.

याचा अर्थ पंप वाईट असा अजिबात नाही. झटक्यात श्वास अडूनच माणूस दगावतो. औषध न देणं हा औषध जास्त होण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. औषधामुळे वाढलेलं लॅक्टेट डोस कमी केला की बहुतेक वेळा काही तासांत ते एक दिवसात उतरतं. ते ओळखता यायला हवं, एवढंच.

खरा चकवा : धाप दम्याची की आम्लाची?

रक्तात आम्ल वाढलं की मेंदू श्वास वाढवायला सांगतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल साधता येईल. त्यामुळे रुग्ण खोल आणि भराभर श्वास घेऊ लागतो.

आता असं होतं : दोन-तीन वाफांनंतर नलिका बऱ्यापैकी मोकळ्या झालेल्या असतात, छातीतला आवाज कमी झालेला असतो, ऑक्सिजन सुधारलेला असतो. पण रुग्णाची धाप मात्र कमी होत नाही, उलट वाढते. बघणाऱ्याला वाटतं की दमा वाढला. मग आणखी वाफ दिली जाते. त्याने आम्ल आणखी वाढतं, धाप आणखी वाढते. चक्र सुरू होतं.

यातून दोन नुकसानं होतात. गरज नसताना औषध वाढत जातं. आणि आधीच थकलेल्या श्वासाच्या स्नायूंवर आम्ल बाहेर टाकण्याचं जादा ओझं पडतं. छाती अजून अडलेली असेल तर हे ओझं पेलत नाही.

हा फरक नुसत्या नजरेने ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. छाती तपासून, फुंकर मोजण्याच्या पीक फ्लो मीटरवर बघून आणि रक्ताचा रिपोर्ट पाहूनच तो कळतो. त्यासाठी आधी किती औषध गेलं आहे हे माहीत असणं फार उपयोगी पडतं.

एबीजी रिपोर्ट कसा वाचतात?

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची वायू तपासणी. नेहमीसारखं शिरेतून नाही, तर बहुधा मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात. थोडं जास्त दुखतं, पण रिपोर्ट काही मिनिटांत मिळतो. ही सोय बहुतेक वेळा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच असते. खालचे आकडे कोणा रुग्णाचे नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत.

- *निरोगी* : सामू ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४.
- *झटक्याची सुरुवात* : सामू ७.४८, कार्बन डायऑक्साइड ३०, बायकार्बोनेट २२. रुग्ण झुंजतोय.
- *थकलेला रुग्ण* : सामू ७.२४, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट २५. वायू साठला. ताबडतोब श्वासाला आधार हवा.
- *मुख्यतः लॅक्टिक आम्ल* : सामू ७.३०, कार्बन डायऑक्साइड २८, बायकार्बोनेट १३, लॅक्टेट ८. वायू बाहेर जातोय, म्हणजे छाती काम करतेय, पण सोडा आम्लाने संपवला.
- *दोन्ही एकत्र* : सामू ७.१६, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट १४. यात वायूचा आकडा वरवर नॉर्मल आहे. पण एवढं आम्ल असताना तो २८-३० पर्यंत उतरायला हवा होता. छातीला ते जमत नाही. हा रुग्ण फार गंभीर आहे.

शेवटचे दोन रिपोर्ट एकमेकांशेजारी ठेवून बघा. लॅक्टेट दोन्हीकडे वाढलेलं असू शकतं, पण उपाय वेगळा. एकात औषधाचा हात आखडता घेता येतो, दुसऱ्यात श्वासाच्या आधाराची तयारी करावी लागते. म्हणून एकच आकडा पकडून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

लॅक्टेट वाढण्याची इतर कारणंही डॉक्टरांना तपासावी लागतात. अंगात जंतुसंसर्ग पसरणं, रक्तदाब उतरणं, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार ही त्यातली काही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी सुरू असेल आणि मूत्रपिंडं नीट चालत नसतील, तर त्यानेही लॅक्टेट वाढू शकतं.

ऑक्सिमीटर अर्धीच गोष्ट सांगतो

कोरोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. ते जरूर वापरा. दम्याच्या झटक्यात आकडा ९२ च्या खाली गेला तर धोका आहे. पण हे यंत्र फक्त ऑक्सिजन मोजतं. कार्बन डायऑक्साइड किती साठला, लॅक्टेट किती वाढलं, सामू किती उतरला, यातलं काहीच ते सांगत नाही. ऑक्सिजन सुरू असताना तर ९६-९७ दिसत असूनही रुग्ण आतून खचत असू शकतो. म्हणून यंत्रापेक्षा रुग्णाकडे बघा.

*ही लक्षणं दिसली तर लगेच १०८ ला फोन करा :*

- एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, दोन-चार शब्दांत थांबावं लागतं
- मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २५ पेक्षा जास्त, नाडी ११० पेक्षा जास्त
- श्वास घेताना गळ्याखाली आणि बरगड्यांमध्ये खड्डे पडतात
- ओठ, नखं निळसर
- बरळणं, गुंगी, अंग गळून जाणं
- घरघर होती ती एकदम बंद झाली, पण रुग्णाला आराम नाही
- पंप घेऊनही फरक नाही, किंवा आराम थोडाच वेळ टिकतो

घरी काय करायचं?

डॉक्टरांनी झटक्यासाठी लेखी सूचना दिल्या असतील तर त्याच पाळा. नसतील तर मोठ्या माणसासाठी असं करता येतं :

१. रुग्णाला ताठ बसवा, पुढे थोडं झुकू द्या. आडवं झोपवू नका. गर्दी हटवा, धूर बंद करा.

२. झटक्याचा पंप हलवून स्पेसरला लावा. एक पफ द्या, चार-पाच संथ श्वास घेऊ द्या. अर्धा ते एक मिनिट थांबून पुढचा. असे १० पफपर्यंत देता येतात. आराम पडला तर आधीच थांबा.

३. दहा पफांनंतरही फरक नाही तर १०८ ला फोन करा. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तर आधी फोन, मग पंप. गाडी यायला उशीर होत असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा त्याच पद्धतीने पफ द्या.

४. आराम पडला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नलिकांची सूज पंपाने जात नाही. ती उतरवणारं स्टिरॉइड औषध काम करायला काही तास घेतं.

लहान मुलांसाठी किती पफ द्यायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात ऑक्सिजन असतो. जीपमध्ये किंवा दुचाकीवर मध्ये बसवून नेताना वाटेत ऑक्सिजन मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. गाडीला फारच वेळ लागणार असेल तर आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथून ऑक्सिजनसह पुढे पाठवता येतं.

चिठ्ठी : पाच ओळींचं काम

गावाकडचा रुग्ण सहसा एका जागी थांबत नाही. घर, गावातला दवाखाना, आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी काही ना काही औषध दिलं जातं. शेवटच्या डॉक्टरांना आधीचं काहीच माहीत नसतं. सोबत आलेला माणूस म्हणतो, 'एक-दोन वाफा दिल्या असतील.' इथेच चूक होण्याची शक्यता वाढते. त्यापेक्षा घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला मोबाइलवर किंवा कागदावर असं लिहायला सांगा :

*पहाटे ५ : धाप सुरू. ५.१५ : घरी पंप, १० पफ. ६.३० : गावातल्या दवाखान्यात १ वाफ, १ इंजेक्शन (रिकाम्या बाटलीचा फोटो). ७.४५ : आरोग्य केंद्रात २ वाफा, ऑक्सिजन. रोजची औषधं : मधुमेहाची गोळी, बीपीची गोळी (पाकिटांचा फोटो).*

इंजेक्शनचं नाव माहीत नसेल तर विचारा. विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. रोजच्या औषधांची पाकिटं सोबत घ्याच. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, डोळ्यांचे काही थेंब आणि काही वेदनाशामक गोळ्या दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकतात. डॉक्टरांना ते कळायला हवं.

हे करू नका

- 'आम्ल वाढतं' हे वाचून पंप बंद करू नका.
- खाण्याचा सोडा, इनो, लिंबू-सोडा देऊन रक्तातलं आम्ल कमी होत नाही. जनावराच्या पोटाला जो उपाय चालतो तो इथे चालत नाही. सोड्याचं इंजेक्शनही डॉक्टर सरसकट देत नाहीत, कारण त्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायची ताकद अडलेल्या छातीत नसते.
- बेचैन रुग्णाला झोपेची गोळी किंवा गुंगीचं औषध देऊ नका. श्वास आणखी मंदावतो.
- धाप लागलेल्याला बळजबरीने खाऊ-पिऊ घालू नका. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.
- धुरी, अंगारा, लेप यात वेळ घालवू नका.

मोठ्या दवाखान्यात काय करतात?

ऑक्सिजन देतात. पंपाचं औषध वाफेने देतात, सोबत इप्राट्रोपियम हे दुसरं औषध आणि स्टिरॉइड. एवढ्यावर भागलं नाही तर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात. पोटॅशियम, साखर आणि लॅक्टेट पुन्हा पुन्हा तपासतात. छाती मोकळी झाली आहे आणि धाप आम्लाची आहे असं दिसलं, तर साल्ब्युटामॉलचा डोस कमी करतात किंवा त्यातलं अंतर वाढवतात. अशा वेळी 'डॉक्टरांनी वाफ का बंद केली' म्हणून नातेवाइकांनी वाद घालू नये. कधी कधी वाफ कमी करणं हाच उपचार असतो. मात्र हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा, घरी नाही. रुग्ण थकत चालला तर मास्कचं किंवा नळी टाकून व्हेंटिलेटर लावावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि त्याला भेटा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी ४ लाख ५५ हजार लोक त्याने दगावले. यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

गावात एक समज पक्का आहे की पंपाची सवय लागते, म्हणून त्रास झाला तरच घ्यायचा. त्यामुळे सूज कमी करणारा रोजचा स्टिरॉइडचा पंप बंद पडतो आणि झटक्याच्या पंपावरच दिवस काढले जातात. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जीना' या जागतिक गटाने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की नुसत्या झटक्याच्या पंपावर दम्याचा उपचार करू नये, सोबत श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. वर्षाला झटक्याचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. २०० पफांचा एक पंप धरला तर हिशेब घरच्या घरी करता येतो.

मळणीच्या वेळी दम्याच्या माणसाने यंत्राजवळ उभं राहू नये, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावं, मास्क किंवा ओला रुमाल बांधावा. सोयाबीनच्या धुळीचा दम्याशी संबंध जगाने स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात पाहिला आहे. तिथे १९८० च्या दशकात बंदरावर सोयाबीन उतरवण्याच्या दिवशी दम्याच्या रुग्णांची दवाखान्यात रीघ लागायची. कोठारांना धूळ अडवणाऱ्या जाळ्या बसवल्यावर हे प्रकार थांबले. आपल्याकडे मळणी उघड्यावरच होते, त्यामुळे काळजी आपणच घ्यायची.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर आजच तीन गोष्टी करून ठेवा. झटक्याचा पंप आणि स्पेसर कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा. पंप रिकामा तर नाही ना, ते बघा. आणि पंपासोबत एक वही-पेन ठेवा. रात्री दोन वाजता धाप लागली की आठवण राहत नाही, लिहिलेलं राहतं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)